दोष रेंजचा नाही

"गावाकडे रेंज नसते, म्हणून सेशन जाते." नागरिकांसाठी संगणक-प्रणाली बांधणाऱ्या आणि चालवणाऱ्या मंडळींच्या तोंडी हे वाक्य इतके रुळले आहे, की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटतच नाही. त्याच्या जोडीने येणारी विधानेही ठरलेली आहेत. सेशन गेले तर पुन्हा लॉगिन करावे, त्यात काय एवढे? आमचा लोड बॅलन्सर 'स्टिकी' आहे, मग अडचण येतेच कुठे? सेशन सगळ्या सर्व्हरांना सामायिक ठेवायचे तर वेग जातो आणि खर्च वाढतो. आणि शेवटचे म्हणजे, सेशन लवकर संपलेले सुरक्षेच्या दृष्टीने बरेच.

यातले एकही विधान तपासणीत टिकत नाही. तरीही ती बैठकांतून, अहवालांतून, तक्रारींच्या उत्तरांतून फिरत राहतात, कारण त्यांनी दोष बांधणाऱ्याकडून उचलून वापरणाऱ्याच्या माथी मारता येतो. मला चीड येते ती याची.

महाडहून रायगडाकडे निघाले की वाटेत नाते लागते, पुढे कोंझर, मग पाचाड. दहावी-बारावीचे निकाल लागले की या पट्ट्यात आणि तिकडे पोलादपुरात दाखल्यांची धावपळ सुरू होते. उत्पन्नाचा दाखला, वय-अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर. पोरगी वाडीवरून उतरते, एसटी धरते, सेवा केंद्रात नंबर लावते. केंद्रचालक अर्जाचे रकाने भरतो, रेशनकार्ड स्कॅन करतो, फाइल मोठी झाली म्हणून लहान करतो, पुन्हा चढवतो. शेवटच्या पानावर 'पुढे' दाबले की पडद्यावर अक्षरे येतात : आपले सेशन संपले आहे, कृपया पुन्हा लॉगिन करा. सगळे पहिल्यापासून. पावसाळ्याचे दिवस असतात, वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि परतीची एसटी कुणासाठी थांबत नाही. तिला सांगितले जाते की तुमच्याकडे रेंज नाही.

रेंज नसते हे खरे. या दऱ्याखोऱ्यांत ती जाते आणि येते. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाड बुडाले, तेव्हा वीज आणि फोन दोन्ही गेले होते. तशा वेळी कुठलीही प्रणाली काही करू शकत नाही, आणि तसा आग्रह कुणी धरतही नाही. प्रश्न रोजच्या दिवसांचा आहे, मिनिट-दोन मिनिटे जाऊन परत येणाऱ्या रेंजचा आहे. तेवढ्याने सेशन जायचे कारणच काय?

सेशन कुठे राहते ते पाहू. एचटीटीपी हा वेबचा संवाद मुळातच विसरभोळा आहे. प्रत्येक विनंती स्वतंत्र, मागची पुढच्या विनंतीला ठाऊक नसते. ही उणीव भरून काढायला १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी कुकी आणली. तेव्हापासून रीत अशी आहे : सर्व्हर प्रत्येक माणसाला एक लांबलचक ओळख-क्रमांक देतो, ब्राउझर तो कुकीत सांभाळतो आणि प्रत्येक विनंतीबरोबर परत पाठवतो. जावाच्या सर्व्हरांत त्या कुकीचे नाव जेसेशनआयडी, पीएचपीत पीएचपीसेसआयडी. त्या क्रमांकासमोरची नोंद, म्हणजे हा माणूस कोण, लॉगिन कधी केले, अर्जाच्या कितव्या पानावर आहे, हेच सेशन, आणि ते सर्व्हरच्या बाजूला असते. रेंज गेली तर जोडणी तुटते. कुकी ब्राउझरमध्येच राहते, नोंदही सर्व्हरकडेच राहते. रेंज परत आली, ब्राउझरने तोच क्रमांक पुन्हा दाखवला, की काम जिथे थांबले तिथून पुढे चालू व्हायला हवे. ही सगळी रचना केली आहे तीच मुळी जोडणी तुटत राहणार हे धरून.

आता मुदती पाहा. टॉमकॅट या जावाच्या सर्व्हरमध्ये काही न करता बसलेले सेशन मूळ ठेवणीनुसार ३० मिनिटे टिकते, मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटमध्ये २० मिनिटे, पीएचपीत १,४४० सेकंद म्हणजे २४ मिनिटे. मग दोन मिनिटांत परत आलेल्या माणसाचे सेशन गेले कुठे?

ते गेलेले नसते. ते दुसऱ्या यंत्राच्या स्मृतीत पडून असते. गर्दी पेलण्यासाठी एकाऐवजी चार, आठ, सोळा सर्व्हरांचा क्लस्टर उभा केलेला असतो आणि पुढ्यातला लोड बॅलन्सर येणाऱ्या विनंत्या त्यांच्यात वाटतो. लॉगिन पहिल्या सर्व्हरवर झाले, नोंद त्याच्या स्मृतीत बसली. पुढची विनंती तिसऱ्याकडे गेली. त्याने क्रमांक पाहिला, आपल्याकडे शोधला, सापडला नाही, आणि सांगून टाकले की सेशन संपले. त्या पोरीने किंवा केंद्रातल्या जोडणीने काहीच चूक केलेली नसते. चार यंत्रांनी एकमेकांना विचारले नाही, एवढेच झालेले असते, आणि ती यंत्रे नाते गावात नसतात.

यावर लगेच उत्तर येते : म्हणून तर आम्ही स्टिकी सेशन लावले आहे. एकदा ज्या सर्व्हरकडे गेला, तो माणूस त्याच सर्व्हरकडे जात राहील. ठीक आहे, पण चिकटवता कशाच्या आधारे? अनेक ठिकाणी आयपी पत्त्याच्या. एनजिनेक्स या लोड बॅलन्सरमधली 'आयपी हॅश' ही पद्धत घ्या. ती आयपीव्ही४ पत्त्याचे पहिले तीन भाग पाहून सर्व्हर ठरवते. मोबाइलवाल्याचा पत्ता मात्र एक राहत नाही. रेंज गेली, फोनने दुसरी जोडणी धरली, वायफायवरून मोबाइल डेटावर उडी मारली, की बाहेर दिसणारा पत्ता बदलू शकतो. पत्ता बदलला की सर्व्हर बदलतो, सर्व्हर बदलला की सेशन हरवते. याउलट मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना थोड्याशा सामायिक पत्त्यांमागे बसवतात, त्यामुळे एका बाजूची सगळी गर्दी एकाच सर्व्हरवर कोसळते आणि शेजारचा रिकामा बसतो. रेंजचा आणि सेशनचा जो काही संबंध आहे तो हा इतकाच, आणि तो तुम्ही जोडलेला आहे. माणसाची ओळख त्याच्या पत्त्याला बांधा असे रायगडच्या डोंगरांनी तुम्हाला सांगितले होते काय?

कुकीच्या आधारे चिकटवणे याहून बरे, हे मान्य. टॉमकॅटमध्ये सेशनच्या क्रमांकालाच सर्व्हरचे नाव जोडतात आणि लोड बॅलन्सर ते वाचून विनंती योग्य जागी धाडतो. पत्त्याची अडचण यात सुटते. पण तो सर्व्हरच बंद पडला तर? सर्व्हर बंद पडणे ही अपघाताची गोष्ट नाही, ती नित्याची आहे. सुरक्षेच्या दुरुस्त्या बसवताना तो बंद होतो. नवी आवृत्ती चढवताना बंद होतो. गर्दी ओसरल्यावर क्लाउडमध्ये यंत्रे आपोआप कमी केली जातात तेव्हा बंद होतो. आयआयएस हा मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर तर मूळ ठेवणीतच दर १,७४० मिनिटांनी, म्हणजे २९ तासांनी, आपली कार्यप्रक्रिया स्वतःहून नव्याने सुरू करतो. ठेवणीची फाइल नुसती बदलली तरी एएसपी डॉट नेटचे ॲप्लिकेशन पुन्हा सुरू होते आणि स्मृतीतली सगळी सेशने पुसली जातात. प्रत्येक वेळी त्या यंत्राला चिकटवलेली सगळी माणसे एकदम बाहेर फेकली जातात. त्या माणसांना तुम्ही काय कळवणार, रेंज गेली म्हणून? हेरोकू या क्लाउड-सेवेच्या लोकांनी २०११ च्या सुमारास वेब-प्रणाली कशा बांधाव्यात याची बारा सूत्रे मांडली. स्टिकी सेशनवर अवलंबून राहणे त्यांनी तेव्हाच नियमबाह्य ठरवले आणि सेशनची नोंद मुदत बांधता येईल अशा सामायिक साठ्यात ठेवा असे सांगितले. हा सल्ला जुना झाला, सर्वांनी वाचलेला आहे, आणि तरीही निविदांमध्ये 'स्टिकी सेशनची सोय' हा गुण म्हणून मिरवला जातो.

रायगडाच्या वाटेवरच्या त्याच नाते गावच्या मातीत १८९६ मध्ये चिंतामणराव देशमुख जन्मले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. बँकेत गेलेल्या कुणालाही हे ठाऊक असते की आपले खाते खिडकीवरच्या कारकुनाच्या डोक्यात राहत नाही, ते बँकेच्या खतावणीत असते. एक कारकून जेवायला उठला तर शेजारची खिडकी तेच खाते उघडते. ग्राहकाला उद्या त्याच कारकुनाकडे या, आणि तो रजेवर असेल तर तुमचे पैसे गेले असे समजा, असे सांगणारी बँक एक दिवस तरी चालली असती का? नागरिकाच्या अर्ध्या भरलेल्या अर्जाला तोच हक्क आहे. ती त्याची नोंद आहे. सर्व्हरने ती स्वतःच्या स्मृतीत दडवून ठेवायची आणि मरताना बरोबर घेऊन जायची, हे कुठल्या न्यायाने?

मंदपणाचा आक्षेप घेऊ. सामायिक साठ्यातून नोंद आणायची म्हणजे प्रत्येक विनंतीमागे जाळ्यातून एक फेरी वाढते, हे खरे. पण ही फेरी एकाच डेटा सेंटरमधल्या दोन यंत्रांमधली असते. रेडिससारखा साठा सगळी माहिती स्मृतीत ठेवतो आणि अशी लहान नोंद साधारण एका मिलिसेकंदाच्या आत-बाहेर आणून देतो. डोंगराआडच्या टॉवरवरून फोनपर्यंत उत्तर पोचायला याच्या कितीतरी पट वेळ जातो. ज्याला पाने उघडायची वाट पाहायची सवयच आहे, त्याला हा एक मिलिसेकंद जाणवेल, पण सगळा अर्ज पुन्हा भरण्यात गेलेली सकाळ जाणवणार नाही, असे कुणी गंभीरपणे म्हणू शकते?

खर्चाचेही तसेच. मेमकॅश्ड हा साठा ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ मध्ये लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या संकेतस्थळासाठी लिहिला, रेडिस साल्वातोरे सॅनफिलिप्पो यांनी २००९ मध्ये. दोन्ही फुकट मिळाले. २०२४ मध्ये रेडिसच्या परवान्यात बदल झाला तेव्हा लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली वाल्की हा त्याचा मुक्त अवतार उभा राहिला. एएसपी डॉट नेटमध्ये २००२ सालच्या पहिल्या आवृत्तीपासूनच सेशन वेगळ्या सेवेत किंवा थेट डेटाबेसमध्ये ठेवण्याची सोय आहे. त्यासाठी सेशनची पद्धत आणि साठ्याचा पत्ता ठेवणीच्या फाइलीत लिहायचा आणि सगळ्या सर्व्हरांवर एकच मशीन-की, म्हणजे गुप्त किल्ली, ठेवायची. पीएचपीत सेशन कुठे ठेवायचे ते ठेवणीच्या दोन ओळींत सांगता येते. वीस वर्षांहून जास्त काळ हाताशी असलेल्या गोष्टीला महाग म्हणणे म्हणजे ती करायची नाही एवढेच सांगणे आहे.

या बाबतीत पद्धतींमध्ये फरक आहे आणि तो पाहिला पाहिजे, कारण "आम्ही क्लस्टरिंग केले आहे" असे सांगून पुष्कळ जण मोकळे होतात. टॉमकॅटचा डेल्टा मॅनेजर प्रत्येक सेशनची प्रत क्लस्टरमधल्या प्रत्येक सर्व्हरला पाठवतो. तीन-चार यंत्रांना हे झेपते, यंत्रे वाढली की प्रती पाठवण्यातच ती थकतात. टॉमकॅटचे स्वतःचे मार्गदर्शनही तो लहान क्लस्टरपुरताच ठेवा असे सांगते. बॅकअप मॅनेजर एकाच दुसऱ्या यंत्राकडे प्रत ठेवतो, ते मोठ्या क्लस्टरला बरे. पण मूळ ठेवणीत ही यंत्रे एकमेकांना मल्टिकास्टने, म्हणजे सगळ्यांना एकदम हाक घालून, शोधतात आणि बहुतेक क्लाउडच्या जाळ्यात मल्टिकास्ट चालत नाही. मग प्रत्येक सर्व्हर स्वतःला एकटाच समजतो, प्रती कुठेच जात नाहीत, आणि लॉग न पाहणाऱ्याला ते कळतही नाही. पीएचपीच्या सेशन-फाइली एका सामायिक डिस्कवर ठेवल्या तर फाइलीच्या कुलुपांसाठी विनंत्या रांगेत उभ्या राहतात. मेमकॅश्ड जागा भरली की जुन्या नोंदी काढून टाकतो आणि यंत्रांमध्ये प्रती ठेवत नाही, म्हणून एकट्या त्याच्या भरवशावर सेशन सोडू नये. माझे मत विचाराल तर नोंद ॲप्लिकेशनच्या सर्व्हरबाहेर काढा, रेडिस किंवा वाल्कीत ठेवा, त्याची प्रत दुसऱ्या यंत्रावर चालू ठेवा, मुख्य साठा पडला तर प्रतीला पुढे आणणारा सेंटिनल लावा, आणि बदलांची वही डिस्कवर लिहायला सांगा. दर सेकंदाला ती वही लिहिली गेली तर वीज गेल्यावर साधारण शेवटच्या एका सेकंदाचेच नुकसान होते. 'पण तो साठाच पडला तर सगळेच बंद' म्हणणाऱ्यांना मी विचारतो, तुमचा डेटाबेस पडला तर काय चालू राहते? त्याची काळजी घेता तशीच याची घ्या.

खरी अडचण मंदपणाची नाही आणि पैशांचीही नाही. सेशन सर्व्हरबाहेर न्यायचे तर त्यात काय कोंबून ठेवले आहे ते उघडे पडते. जिल्ह्यातल्या सगळ्या गावांच्या याद्या, शोधाचे सगळे निकाल, स्कॅन केलेल्या फाइली, डेटाबेसच्या उघड्या जोडण्यासुद्धा सेशनमध्ये टाकलेल्या असतात. जावामध्ये अशी वस्तू बाइटांच्या माळेत उतरवता आली पाहिजे, तरच तिची प्रत दुसरीकडे जाते. ती उतरत नाही म्हणून क्लस्टरिंग पहिल्याच दिवशी कोसळते आणि शेरा लिहिला जातो की हे तंत्रज्ञान आपल्याला जमत नाही. सेशनमध्ये ठेवायचे ते मूठभर : माणूस कोण, हक्क काय, अर्जाचा क्रमांक कोणता. भरलेले रकाने आणि चढवलेले कागद पानागणिक डेटाबेसमध्ये मसुदा म्हणून उतरले पाहिजेत. मग मुदत संपून लॉगिन पुन्हा करावे लागले तरी माणूस त्याच पानावर परत येतो. हे काम कष्टाचे आहे, आणि ते टाळण्यासाठी रेंजचे नाव पुढे केले जाते.

काही जण अलीकडे दुसरी पळवाट दाखवतात : सर्व्हरवर काही ठेवूच नका, सगळे सहीबंद टोकनमध्ये भरून ब्राउझरकडेच द्या. जेडब्ल्यूटी या नावाने २०१५ मध्ये त्याचे प्रमाण ठरले. ओळख सांगण्यापुरते ते ठीक. पण ब्राउझरमध्ये एका कुकीला साधारण चार किलोबाइटांची मर्यादा असते, तिच्यात अर्ज मावत नाही. आणि एकदा दिलेले टोकन मुदत संपेपर्यंत चालतच राहते. सेवा केंद्राच्या सामायिक संगणकावर कुणी लॉगआउट केले तरी चोरलेले टोकन बाहेर जिवंत राहते. ते रद्द करायचे तर रद्द टोकनांची यादी सगळ्या सर्व्हरांना सामायिक ठेवावी लागते. म्हणजे पुन्हा सामायिक साठाच आला.

यातच सुरक्षेच्या आक्षेपाचे उत्तर आहे. सेशनला मुदत असावी, यात वाद नाही. ओवास्प या वेब-सुरक्षेच्या संस्थेच्या मार्गदर्शनातही जोखमीच्या कामांसाठी दोन ते पाच मिनिटांची आणि साध्या कामांसाठी १५ ते ३० मिनिटांची निष्क्रियतेची मुदत सुचवली आहे. पण मुदत ही ठरवून दिलेली, सांगितलेली, सगळ्यांना सारखी लागू होणारी गोष्ट असते. लोड बॅलन्सरने चुकीच्या दाराशी नेले म्हणून माणूस बाहेर पडला, तर त्याला सुरक्षा म्हणायचे? खरी सुरक्षा सामायिक साठ्यात आहे : एका ठिकाणी नोंद पुसली की सगळ्या सर्व्हरांवर तो माणूस त्याच क्षणी बाहेर.

राहता राहिले 'पुन्हा लॉगिन करा' हे वाक्य, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे. महाड-पोलादपुरातल्या किती घरांत कमावता मुलगा मुंबईला असतो, आणि आजीच्या आधारला जोडलेला फोन नंबर त्याचाच असतो. लॉगिनसाठी आलेला ओटीपी त्याच्याकडे जातो. तो कामावर असतो, लोकलमध्ये असतो. केंद्रचालक फोन लावतो, आजी वाट पाहते, दहा मिनिटांत ओटीपीची मुदत संपते. एकदा हे कसेबसे जमते. पण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा? शहरात स्वतःच्या खिशातल्या फोनवर ओटीपी पाहणाऱ्याला पुन्हा लॉगिन म्हणजे चार सेकंद वाटतात. आजीला तो पुढच्या एसटीचा, कधी पुढच्या आठवड्याचा प्रश्न होतो.

आणि हे नुकसान कुठे नोंदले जात नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार सेवेची मुदत मोजली जाते ती अर्ज दाखल झाल्यापासून. दाखल होण्याआधी चार वेळा हरवलेला अर्ज कोणत्याही विलंबात, कोणत्याही अपिलात धरला जात नाही. अहवालात सेवा वेळेत दिली असेच दिसते. हक्काचा कायदा ज्या उंबऱ्यापासून सुरू होतो, त्या उंबऱ्याबाहेरच माणसे परत फिरवली जात आहेत आणि त्याला आपण तांत्रिक अडचण म्हणतो.

हे जमणारे आहे. ॲमेझॉनने २००७ मध्ये डायनामो या साठ्यावरचा शोधनिबंध जाहीर केला, त्यात खरेदीच्या टोपलीबरोबर सेशनची सांभाळणी हाही त्याचा एक उपयोग म्हणून सांगितला होता. यंत्रे पडत राहिली तरी टोपली हरवता कामा नये, ही त्यामागची अट होती. आपल्याकडे रेल्वेच्या क्रिस या संस्थेने २०१४ मध्ये नवी ई-तिकीट प्रणाली आणली, मिनिटाला ७,२०० तिकिटांची क्षमता धरून, आणि त्यासाठी अनेक यंत्रांच्या स्मृतीत विखुरलेला सामायिक साठा वापरला. गणपतीला वीर स्थानकावर उतरणाऱ्या चाकरमान्यासाठी सरकारी यंत्रणा एवढे करू शकते, तर त्याच्या पुतणीच्या दाखल्यासाठी का नाही?

म्हणून प्रणाली ताब्यात घेण्यापूर्वी एक चाचणी निविदेतच लिहा. भर गर्दीच्या वेळी, माणसे अर्ज भरत असताना, क्लस्टरमधला एक सर्व्हर न सांगता बंद करायचा. मग दुसरा. नंतर सेशनच्या साठ्याचे मुख्य यंत्र. मधेच फोनची जोडणी तोडून, पत्ता बदलून परत जोडायची. एकाही माणसाला लॉगिनचे पान पुन्हा दिसता कामा नये, एकही भरलेला रकाना रिकामा होता कामा नये. हे मुंबईतल्या कार्यालयात बसून करू नका, महाड तालुक्यातल्या एखाद्या सेवा केंद्रात, तिथल्याच फोनवर, तिथल्या केंद्रचालकाच्या हातून करा आणि निकालावर त्याची सही घ्या. चाचणीत नापास झालेल्या कंत्राटदाराचे देयक थांबवा, आणि ती पास होईपर्यंत कागदावरचा अर्ज घेणे तहसील कार्यालयाला बंधनकारक करा.